कुंकू लागलेले डॉलर

कोणी हे वाचलंच, तर आधीच सांगते, माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर शाळा सुटली. पुढं पेन हातात आलं ते सही करण्यापुरतं. तेव्हा सांभाळून घ्या.

बोलणं मला त्याहून जड जातं. चार माणसांत तर तोंडच उघडत नाही. मेक्सिकोहून आल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय पाहिलं, कसं होतं. मी सगळ्यांना "छान होतं" एवढंच म्हणाले. जे खरं सांगायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही नाशिकला, इंदिरानगरच्या पलीकडे राहतो. गुलाब आणि शेवंती, एवढीच आमची शेती. मुलगी एकच. जावई गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. कंपनीनं त्यांना मेक्सिकोला पाठवलं आणि मुलगीही तिकडं गेली. तिला दिवस गेले तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न आला तो माहेरपणाचा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि त्याचा खर्च माहेरचा असतो. आमच्याकडे तसंच आहे. डॉक्टरांनी तिला एवढा लांबचा प्रवास करू दिला नाही. मग ठरलं की माहेरानंच तिकडं जायचं. म्हणजे मी.

तिकीट जावयांनी काढलं. ते त्यांनी आधीच काढून टाकलं होतं, त्यामुळं मला नको म्हणायला जागा राहिली नाही. पण दवाखान्यात भरायचे पैसे, बाळंतविडा, बाळाच्या पायातले चांदीचे वाळे, बारशाचा खर्च, हे मी माझ्या पैशानं करणार होते. जावयाच्या घरात महिना-दोन महिने राहायचं आणि पावशेर डिंकासाठीही त्यांच्याकडे हात पसरायचा, हे मला सोसलं नसतं. ह्यांनाही ते पटलं. पण पैसे तेव्हा हातात नव्हते. शेवंती संपत आलेली, लगनसराई पुढं होती.

आमची बारा जणींची भिशी आहे. सगळ्या फुलंवाल्या नाहीतर भाजीवाल्या. महिन्याला प्रत्येकी पाच हजार, आणि जिचा नंबर तिला साठ हजार. माझा नंबर दिवाळीला होता. त्या महिन्याचा नंबर शेजारच्या ताईंचा होता. ताई म्हणजे माझ्याहून मोठ्या, मेथी-कोथिंबीर विकतात, तोंडानं फटकळ. मी मागितले नव्हते. मागणं मला जमलंच नसतं. त्याच कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "माझे साठ घेऊन जा. पोरीची नर्सिंगची फी जूनला भरायची हाय, तवर ते पेटीत पडूनच राहणार. पर जूनला मला सगळे पाह्यजेत, बरं का. फी चुकली तर पोरीचं वर्ष जाईल."

मी मान हलवली. त्या दिवसापासून जून महिना माझ्या डोक्यात बसला तो उतरलाच नाही.

द्वारका चौकाच्या पुढच्या रस्त्याला परदेशी पैसे बदलून देणारं एक ऑफिस आहे. तिथं आम्ही दोघं गेलो. ह्यांनी पैसे रुमालात बांधून नेले होते. काउंटरवरच्या मुलीनं ते घेतलेच नाहीत. एवढी रक्कम रोखीनं चालत नाही, आधी बँकेत भरा आणि खात्यातून द्या, म्हणाली. परत बँकेत गेलो. दुसऱ्या दिवशी पासपोर्ट, पॅनकार्ड, तिकीट, सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन पुन्हा तिच्याकडे. तिनं सांगितलं की मेक्सिकोचे पेसो आपल्याकडे मिळत नाहीत. इथून डॉलर घ्यायचे, तिकडं गेल्यावर त्यांचे पेसो करायचे. म्हणजे पैसे दोनदा बदलायचे आणि दोन्ही वेळेला थोडे कमी व्हायचे. भिंतीवर फलक होता, डॉलरपुढं दोन आकडे. ह्यांनी विचारलं, दोन का? ती म्हणाली, एक आम्ही विकतो तो भाव, एक आम्ही घेतो तो. फुलांच्या बाजारातही असंच असतं, त्यामुळं एवढं मला न समजावता समजलं.

तीनशे डॉलर तिनं एका कार्डात भरून दिले आणि चारशेच्या नोटा दिल्या. शंभराच्या दोन आणि बाकी विसाच्या. कार्ड आणि रोख वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, नंबर कुणाला सांगू नका, असं तिनं हळू आवाजात सांगितलं. शिवाय या कार्डावर मुंबईच्या विमानतळावर एका खोलीत बसायला आणि जेवायला फुकट मिळतं, असंही म्हणाली. फुकट म्हटल्यावर माझा विश्वास बसला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी भिशीच्या सगळ्या आल्या. कुणी नारळ आणला, कुणी बाळाला टोपडं. एकीनं सुंठ कुटून आणली. पाटावर पासपोर्ट, कार्ड आणि नोटा मांडल्या. नवीन गाडी आली की आपण तिला कुंकू लावतो, दिवाळीत पैशांना लावतो, मग एवढ्या लांब निघालेल्या पैशांना लावायचं नाही का? पैसे तर सगळ्यांच्याच हातून गेलेले. नोटाही बरोबर बारा निघाल्या, मग प्रत्येकीनं एकेका नोटेला लावायचं ठरलं. आमच्यात एक आजी घरीच कुंकू करतात, हळदीला चुना आणि लिंबाचा रस लावून. त्यांचीच कोयरी फिरली. बोट पाण्यात बुडवायचं, कुंकवात बुडवायचं आणि नोटेला टेकवायचं.

"नोटेवरच्या त्या गोऱ्या बाबाच्या कपाळाला नीट लाव गं," एक जण म्हणाली. "आजवर त्याला कुणी लावलं नसंल."

"आणि येताना तिकडंच कुणाच्या कपाळाला लावून येऊ नको," दुसरी मला म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मी पदर तोंडाला लावला.

ताईंची पाळी शेवटी आली तोवर कोयरी रिकामी झाली होती. त्यांनी कमरेचा बटवा उघडला, त्यातला आपला करंडा काढला. त्यांचं कुंकू बाजारचं, लालभडक. शंभराच्या एका नोटेला त्यांनी ठसठशीत टिळा लावला आणि उरलेलं बोट कार्डावर टेकवलं. म्हणाल्या, "जा आता. पैशाला कुणाची नजर लागायची नाय."

मुंबईच्या विमानतळावर ती फुकटची खोली खरंच होती. मी बाहेरच उभी होते. आत गेलेली माणसं बघत होते आणि पिशवीतल्या दशम्या चाचपत होते. एक गुजराती आजीबाई व्हीलचेअरवरून आत चालल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातलं कार्ड पाहिलं आणि मला हातानंच बोलावलं. दारातल्या मुलानं कार्ड कसल्याशा यंत्राला लावलं आणि मला आत सोडलं. आत इतके पदार्थ मांडून ठेवलेले की एखाद्या लग्नाचं जेवण पुरलं असतं. मी चहा घेतला आणि एक केळं. जास्त घेतलं तर कुणी काही म्हणेल असं वाटत होतं. कोणीच काही म्हणालं नाही.

मुलगी राहते ते शहर उंचावर आहे. हवा कोरडी आणि ऊन कडक, पण सावलीत गेलं की लगेच गार. तिचे दिवस भरत आले होते. तिला बघून माझा प्रवासाचा शीण गेला. दुसऱ्या दिवशी मी जावयांना म्हणाले, पैसे बदलून आणू या. आमचं दोघांचं बोलणं तेवढ्यास तेवढंच असतं. ते मला आई म्हणतात, मी त्यांना जावईबापू. बाकी मुलगी मध्ये असते.

पैसे बदलायच्या दुकानात जाड काचेमागं एक बाई बसली होती. तिनं पहिली नोट घेतली, दिव्याखाली धरली, मग अंगठ्यानं घासली. अंगठा लाल झाला. तिनं तो कागदाला पुसला आणि नोट परत सरकवली. दुसरी बघितली, तिसरी बघितली. सगळ्याच परत. जावई तिच्याशी तिच्या भाषेत बराच वेळ बोलले. कुंकवाला तिकडं शब्द नसावा, कारण ते आपल्या कपाळाला बोट लावून दाखवत होते आणि मग माझ्याकडे बोट करत होते. त्या बाईनं माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि हसली. पण नोटा काही घेतल्या नाहीत. डाग पडलेला, लिहिलेला, फाटलेला डॉलर तिकडं कुणी घेत नाही, असं जावयांनी मला बाहेर आल्यावर सांगितलं. आणखी दोन ठिकाणी गेलो. तिथंही तेच.

गाडीत बसल्यावर जावई म्हणाले, "आई, या नोटा माझ्याकडे राहू द्या. मी तुम्हाला पेसो देतो."

ते मनापासून म्हणाले. पण त्यांच्याकडेही त्या नोटा पडूनच राहणार होत्या. म्हणजे ते पैसे त्यांचेच झाले असते. मी मान हलवून नको म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मला ताईंची पोरगी दिसत होती, पांढऱ्या कपड्यांतली.

घरी मुलगी म्हणाली, "आई, डॉलरला कुंकू कोण लावतं गं?"

"बारा जणी लावतात," मी म्हणाले. तेवढं मात्र माझ्या तोंडून गेलं. ती हसायला लागली आणि हसता हसता पोट धरून खुर्चीत बसली.

तिला दवाखान्यात नेलं त्या दिवशी काउंटरवर आधी पैसे भरायचे होते. बाकीचा मोठा खर्च कंपनीच्या विम्यातून होणार होता, पण ही सुरुवातीची रक्कम आपल्याला भरायची होती आणि ती मी भरणार होते. कार्ड यंत्रात घातलं. यंत्रानं ते ओळखलं नाही. पुन्हा घातलं, पुन्हा तेच. नोटा चालत नाहीत, आता कार्डही चालत नाही, म्हणजे साठ हजारांचं मी इथवर आणून काय केलं? जावयांनी कार्ड उजेडात धरलं. त्यावरच्या सोनेरी चौकोनात ताईंचं कुंकू वाळून बसलं होतं. त्यांनी चष्मा पुसायचं फडकं काढलं, त्यावर वाफ सोडली आणि कार्ड पुसलं. मग यंत्र चाललं. यंत्रानं विचारलं, पैसे डॉलरमध्ये कापू की पेसोमध्ये. ते म्हणाले, नेहमी पेसो म्हणायचं, नाहीतर यंत्र आपला भाव लावतं आणि तो महाग पडतो. मी पेसोच्या बटणावर बोट ठेवलं. पावती बाहेर आली ती मी कमरेला खोचली. माझ्या मुलीच्या बाळंतपणाची सुरुवात माहेरच्या पैशानं झाली होती.

नातू झाला. त्याबद्दल इथं लिहीत नाही, ते लिहायला लागले तर दुसरं काही लिहून होणार नाही.

कार्डात थोडे डॉलर उरले होते. ते काढायला आम्ही एटीएमवर गेलो. दर वेळेला यंत्र वेगळे पैसे कापतं, म्हणून लागतील तेवढे एकदाच काढायचे, असं मुलीनं सांगून पाठवलं होतं. गुप्त नंबर मला पाठ होता, पण जावयांसमोर तो दाबायचा कसा, आणि त्यांना बाजूला व्हा म्हणायचं कसं? त्यांनाही ते कळलं असावं. ते माझ्याकडे पाठ करून, हात मागं बांधून, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. यंत्रानं तिथंही आपला भाव लावू का विचारलं. मी नको दाबलं. पैसे आले. त्यातून बारशाचं सामान आणलं. गूळ तिकडं शंकूच्या आकाराचा मिळतो, आपल्यापेक्षा थोडा काळा, पण लाडू चांगले झाले. वाळे मात्र राहिले. तिकडं चांदीची दुकानं पावलोपावली आहेत. येता-जाता मी काचेतून बघायचे.

बाळाला रोज तेल-हळद लावून न्हाऊ घालायचे. लंगोट पिवळे व्हायचे. धुतले तरी पिवळेच. पण गच्चीवर वाळत घातले की संध्याकाळी पांढरे. हे आपल्याकडेही होतं, हळदीचा डाग उन्हानं उडतो. लहानपणापासून बघत आले आहे. एक दिवस लंगोटांच्या घड्या घालताना माझा हात थांबला. आजींचं कुंकू हळदीचंच तर आहे.

दुसऱ्या दिवशी मी नोटा गच्चीवर नेल्या. आधी ओल्या कापसानं वरचं कुंकू टिपून घेतलं, घासलं नाही. मग स्टीलच्या ताटात मांडल्या आणि वर मुलीच्या ओव्हनमधलं जाड काचेचं भांडं पालथं घातलं, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. त्याच्या शेजारी, पापड राखतात तशी, बसून राहिले. वरच्या मजल्यावर राहणारी बाई कपडे वाळत घालायला आली. तिनं काचेखाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला भाषा येत नव्हती. मी कपाळावरच्या कुंकवाला हात लावला, मग नोटेला लावला, मग सूर्याकडे दाखवलं. ती खाली गेली. मला वाटलं, वेडी समजली. थोड्या वेळानं ती मोठ्या काठाची गवती टोपी घेऊन आली आणि माझ्या डोक्यावर ठेवून गेली. पुढं रोज ती टोपी घालून बसायचे.

पहिल्या दिवशी लाल होतं ते नारिंगी झालं. मग पिवळं झालं. मग नोटेवरच्या बाबाच्या कपाळावर नुसती सावली राहिली, शोधली तर दिसणारी. अकरा नोटांचं असं झालं. बारावी, ताईंची शंभराची, तशीच लाल राहिली. बाजारच्या कुंकवात रंग असतो, तो उन्हाला दाद देत नाही.

जावई नोटा बघून खूश झाले. "आई, आता घेतील. उद्या जाऊ, म्हणजे वाळेही घेता येतील."

रात्री आमटी वाढता वाढता मी विचार केला. बदलल्या तर वाळे येतील. पण मग परत जाताना हातात काय राहील? ह्यांनी फोनवर सांगितलं होतं की लगनसराई बरी गेली, पण त्यातून कार्डावर गेलेले पैसे तेवढे भरून निघतील, वर काही नाही. आणि जून जवळ आला होता. मी मुलीला म्हणाले, "वाळे दिवाळीला करू. या नोटा परत नेते."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "तुला किती हौस होती, आई."

"हौस आहेच," मी म्हणाले. "पण हे पैसे दुसऱ्याच्या पोरीचे आहेत."

निघताना बाळाच्या पायात मी काळ्या मण्यांचा दोरा बांधला. नेलेला होताच.

नाशिकला आल्यावर आधी द्वारकेच्या ऑफिसात गेले, एकटी. ह्यांना बागेत काम होतं, आणि मलाही वाटलं, आता जावं. काउंटरवर तीच मुलगी होती. तिनं नोटा यंत्रातून काढल्या, उजेडात धरल्या. एका नोटेवर तिचं बोट थांबलं.

"इथं काही लागलं होतं का?"

"कुंकू," मी म्हणाले. "हळदीचं."

तिनं कपाळावरची टिकली चाचपली आणि हसू दाबलं. अकरा नोटा तिनं घेतल्या. घेण्याचा भाव विकण्याच्या भावापेक्षा कमी, पण मधल्या काळात डॉलर चढला होता, त्यामुळं फार तोटा झाला नाही. कार्डात राहिलेले चिल्लर डॉलरही तिनं खात्यात वळते करून दिले. बारावी नोट तिनं दोन बोटांनी परत केली. ही आम्हालाही घेता येणार नाही, म्हणाली.

ह्यांनी लगनसराईचे बाजूला काढलेले आणि हे, सगळे मिळवून मी ताईंकडे गेले. ते त्यांच्या हातात दिले, पण साडेआठ हजार कमी पडत होते. मी ती शंभराची नोट दाखवली. ताईंनी ती हातात घेतली, लांब धरून बघितली, आणि म्हणाल्या, "म्हंजी माझंच कुंकू नडलं."

"नडलं म्हणून दाखवत नाही," मी म्हणाले.

"दे मग ती मला. कुंकू मी लावलं, तोटाबी मीच खाते."

मला ते नको होतं. पण त्यांच्या दारात उभं राहून एवढं बोलणं मला जमेना. मी नोट त्यांच्या हातातून काढून घेतली आणि एवढंच म्हणाले, "राहिलेले फीच्या आधी आणून देते." त्या मागून काहीतरी ओरडत होत्या, ते मी ऐकलं नाही.

द्वारकेला एक फुलांचं दुकान आहे, आमचे गुलाब त्यांच्याकडेच जातात. लग्नाच्या दिवसांत त्यांना वेण्या आणि हार ओवणाऱ्या बायका लागतात. तिथं मी कधी गेले नव्हते, फुलं हेच नेऊन द्यायचे. मी गेले आणि विचारलं. मालक म्हणाले, उद्यापासून या. बायकांमध्ये मी खाली मान घालून ओवत बसायचे. त्यातली एक म्हणायची, या काकू बोलत नाहीत म्हणून त्यांचे हार लवकर होतात. उशिराच्या तिथी संपेपर्यंत रोज गेले. शेवटच्या आठवड्याचे पैसे मालकांनी दिले तेव्हा त्यांनी वर पन्नास जास्त दिले, कशाचे ते विचारलं नाही.

फी भरायच्या आदल्या दिवशी दुपारी ताईंकडे गेले. त्यांची पोरगी ओट्यावर कागदपत्रं लावत बसली होती. ताईंनी पैसे घेतले, थुंकी लावून मोजले, पोरीला दिले, तिनं पुन्हा मोजले.

"झाले का गं?"

"झाले. सगळे."

ताईंनी सवयीनं बटव्यातला करंडा काढला. मग त्यांचा हात नोटांच्या गड्ड्यापाशी थांबला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नोटांना नको, ताई," मी म्हणाले. "मला लावा."

त्यांनी मला कुंकू लावलं. ती शंभराची नोट आमच्या देवघरात आहे, गणपतीच्या मागं. तिच्यावरचं कुंकू अजून तसंच लाल आहे. ताईंचे साठ हजार मात्र फिटले, सगळेच्या सगळे.